एक संघ, दोन शहरे

खेळाचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या यादीच्या रूपाने लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोण जिंकले आणि कोणी किती धावा काढल्या, एवढे नोंदवले की काम झाले असे मानले जाते. अमेरिकेतील डॉजर्स या सुप्रसिद्ध बेसबॉल संघाची अशी यादी करावयाची झाल्यास तीही काही लहान होणार नाही. १८८३ साली ब्रुकलिन येथे स्थापन झालेला हा संघ १९५८ पासून लॉस एंजेलिस येथे खेळतो आहे आणि १९५५ ते २०२५ या काळात त्याने नऊ वेळा जगज्जेतेपद मिळविले आहे. परंतु या संघाच्या कथेत आम्हांला गुंतवून ठेवते ते काही निराळेच. ज्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी साठ वर्षे बंद असलेले दार उघडले, त्याच संघाने दहा वर्षांनी आपल्या जन्मगावाकडे पाठ फिरविली. आणि ज्या नव्या शहरी तो गेला, तेथे त्याचे मैदान एका उठविलेल्या वस्तीच्या जागेवर उभे राहिले. यातील एकच बाजू सांगितली तर कथा अपुरी राहते. म्हणून दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

आमचे बहुतेक वाचक क्रिकेटच्या संस्कारात वाढलेले असल्यामुळे बेसबॉलविषयी दोन शब्द आधी सांगणे आवश्यक वाटते. हाही चेंडू आणि दांड्याचाच खेळ. प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात. मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना ‘बेस’ म्हणतात. चेंडू फेकणारा तो पिचर आणि फलंदाजाच्या मागे, आपल्या यष्टिरक्षकासारखा बसणारा तो कॅचर. फलंदाजाने चेंडू टोलवायचा आणि एकेक ठाणे गाठत पुन्हा घरच्या ठाण्यावर यायचे, की एक धाव होते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की तो ‘होम रन’. तीन फलंदाज बाद झाले की डाव पालटतो आणि असे नऊ डाव खेळले जातात. अमेरिकेत नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग अशा दोन मोठ्या संघटना आहेत. त्यांच्या विजेत्यांमध्ये दरवर्षी शरद ऋतूत जी मालिका होते तिला ‘वर्ल्ड सिरीज’ म्हणतात. सातपैकी चार सामने जो जिंकेल तो जगज्जेता.

ट्राम चुकविणाऱ्यांचे गाव

ब्रुकलिन हे आज न्यू यॉर्क महानगराचा एक भाग असले, तरी १८९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होते. मोठ्या शहरात विलीन झालेल्या गावाच्या मनात आपल्या वेगळेपणाची एक हळवी जाणीव शिल्लक राहते. ब्रुकलिनकरांच्या मनात ती होती आणि तिला धरून ठेवणारी जी थोडी स्थाने उरली, त्यांत त्यांचा बेसबॉल संघ अग्रभागी होता. संघाचे नावही गावच्या रस्त्यांतून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांचे जाळे पसरले. घोड्यांच्या ट्रामपेक्षा या गाड्या फार वेगाने धावत आणि पादचाऱ्यांना जीव मुठीत धरून रस्ता ओलांडावा लागे. त्यावरून ब्रुकलिनकरांना ‘ट्रॉली डॉजर्स’, म्हणजे ट्राम चुकविणारे, असे गमतीने म्हटले जाऊ लागले. संघाला मधल्या काळात इतरही नावे मिळाली. काही खेळाडूंची लग्ने एकाच सुमारास झाली, तेव्हा त्यांना ‘ब्राइडग्रूम्स’, म्हणजे नवरदेव, म्हणत. विल्बर्ट रॉबिन्सन प्रशिक्षक असताना ‘रॉबिन्स’ म्हणत. अखेर १९३२ साली ‘डॉजर्स’ हे नाव कायम झाले.

चार्ल्स एबेट्स हा गृहस्थ या संघात १८८३ साली कारकून म्हणून लागला. हिशेब लिहिणे, तिकिटे विकणे अशी मिळतील ती कामे करीत तो पुढे संघाचा मालक झाला. ‘पिगटाउन’, म्हणजे डुकरांची वाडी, अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका ओसाड भागातील जमिनीचे तुकडे त्याने गुपचूप एकेक करून विकत घेतले. मैदान बांधताना पैसा पुरेना, तेव्हा संघातील निम्मा हिस्सा विकला आणि १९१३ साली ‘एबेट्स फील्ड’ उभे केले. जेमतेम बत्तीस हजार माणसे मावतील असे ते मैदान होते. प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ बसत की खेळाडूंना त्यांची बोलणी ऐकू येत. बंदरात व कारखान्यांत राबणारे आयरिश, इटालियन, ज्यू, पोलिश आणि कृष्णवर्णीय लोक तेथे खांद्याला खांदा लावून बसत. घरात निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या या माणसांना एकत्र ओरडायला एक नाव मिळाले.

ओरडायला मिळाले तसे रडायलाही मिळाले. वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिनचा संघ १९१६ साली हरला, १९२० साली हरला. १९४१ साली न्यू यॉर्क यांकीजविरुद्धच्या चौथ्या सामन्यात शेवटचा फलंदाज तिसऱ्यांदा चेंडू हुकला आणि ब्रुकलिन जिंकले असे सर्वांना वाटले. परंतु नियमानुसार तो तिसरा चेंडू कॅचरने पकडावा लागतो, आणि मिकी ओवेन या चांगल्या कॅचरच्या हातून नेमका तोच निसटला. फलंदाज धावून पहिल्या ठाण्यावर पोहोचला आणि हातातला सामना गेला. पुढे १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा चार वर्षी हा संघ अंतिम मालिकेत पोहोचला आणि चारही वेळा याच यांकीजकडून पराभूत झाला. ब्रुकलिनकर आपल्या खेळाडूंना प्रेमाने ‘बम्स’, म्हणजे निकामी भटके, म्हणत आणि प्रत्येक शरद ऋतूत एकमेकांना ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे सांगत. हे वाक्य पुढे त्या गावाची ओळखच बनले.

दार उघडले ते असे

१८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर मात्र गोऱ्या मालकांनी आपसांत एक अलिखित संकेत रूढ केला आणि कृष्णवर्णीयांना ते मैदान बंद झाले. नियमांच्या कोणत्याही पुस्तकात ही बंदी लिहिलेली नव्हती; त्यामुळे ती कोणाला आव्हानही देता येत नव्हती. कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ आणि स्वतःच्या लीग उभारल्या. त्यांना त्या काळच्या भाषेत ‘निग्रो लीग’ म्हणत. जॉश गिब्सन आणि सॅचेल पेज यांच्यासारखे असामान्य खेळाडू तेथे खेळले. गिब्सनला तर मोठ्या लीगचे दार कधीच दिसले नाही.

ब्रँच रिकी १९४२ साली डॉजर्सचा कारभारी झाला. तो मेथडिस्ट पंथाचा निष्ठावान ख्रिस्ती होता; आईला दिलेल्या शब्दाखातर तो रविवारी सामन्याला जात नसे. तरुणपणी तो एका महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक असताना त्याच्या संघातील चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय मुलाला एका हॉटेलने खोली नाकारली होती. रात्री तो मुलगा आपल्या हातांची कातडी ओरबाडत रडत होता, ही आठवण रिकी जन्मभर सांगत असे. तो धूर्त व्यावसायिकही होता. उत्तम खेळाडू आणि नवा प्रेक्षकवर्ग कोठे आहे हे त्याला नीट कळत होते. हेतू कधी कधी मिश्र असतात. तेवढ्याने कृती हिणकस ठरत नाही.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकीने जॅकी रॉबिन्सन याला ब्रुकलिनमधील आपल्या कचेरीत बोलाविले. रॉबिन्सनचा जन्म १९१९ साली जॉर्जिया राज्यात झाला आणि तो कॅलिफोर्नियात आईच्या कष्टांवर वाढला. विद्यापीठात चार खेळांत तो चमकला होता. सैन्यात अधिकारी असताना १९४४ साली बसमध्ये मागच्या बाजूस जाऊन बसण्यास त्याने नकार दिला. त्याबद्दल त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. असा हा स्वाभिमानी, तापट तरुण. त्याच्यासमोर रिकीने तीन तास निरनिराळी सोंगे घेतली. कधी तो उद्धट हॉटेलवाला झाला, कधी शिव्या देणारा खेळाडू. शेवटी जिओव्हान्नी पापिनी या इटालियन लेखकाच्या ख्रिस्तचरित्रातील, दुसरा गाल पुढे करण्याच्या शिकवणीवरील भाग त्याने रॉबिन्सनला वाचून दाखविला. अपमानाला प्रत्युत्तर न देण्याची ताकद तुझ्यात आहे काय, एवढाच त्याचा प्रश्न होता. रॉबिन्सनने ते मान्य केले. लढाऊ स्वभावाच्या माणसाने स्वीकारलेले मौन किती जड असते, याची कल्पना आपण करू शकतो.

एक वर्ष माँट्रियल येथे दुय्यम संघात खेळून १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन एबेट्स फील्डवर उतरला. त्यापूर्वीच काही सहकाऱ्यांनी त्याच्याबरोबर खेळण्यास विरोध करणारा अर्ज फिरविला होता. प्रशिक्षक लिओ ड्युरोशर याने मध्यरात्री खेळाडूंना उठवून तो अर्ज हाणून पाडला. फिलाडेल्फियाच्या प्रशिक्षकाने आणि खेळाडूंनी तर सामना चालू असताना त्याच्यावर अत्यंत हीन शिव्यांचा वर्षाव केला. सेंट लुईसमध्ये अनेक वर्षे त्याला सहकाऱ्यांच्या हॉटेलात उतरता येत नसे. जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत. या सर्वांना त्याने बॅटने उत्तर दिले. पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि १९४९ साली लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू.

या प्रसंगी केंटकी या दक्षिणेकडील राज्यात वाढलेल्या हॅरॉल्ड रीस या खेळाडूचे स्मरण करणे उचित होईल. लहानपणी गोट्या खेळण्यात तरबेज असल्यामुळे त्याला गोटीच्या एका प्रकारावरून ‘पी वी’ हे टोपणनाव मिळाले होते. त्या अर्जावर सही करण्यास त्याने नकार दिला. प्रेक्षक रॉबिन्सनला हिणवीत असताना रीस त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला, ही आठवण ब्रुकलिनने २००५ साली पुतळ्याच्या रूपाने जतन केली आहे. रीसने भाषण केले नाही की पत्रक काढले नाही. ज्या बाजूला उभे राहायला हवे तेथे तो उभा राहिला.

तथापि या उजळ पानालाही एक काळी कडा आहे. रॉबिन्सनच्या मूळ संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, रिकीने एक डॉलरही दिला नाही. डॉन न्यूकोम याला घेतले तेव्हा नेवार्क येथील संघाच्या मालक एफा मॅन्ली यांनी जाहीर तक्रार केली, पण तिचा उपयोग झाला नाही. एकेक गुणी खेळाडू निघून गेला आणि कृष्णवर्णीयांनी कष्टाने उभारलेल्या त्या लीग हळूहळू ओसाड पडल्या. उलट मोठ्या लीगमधील शेवटच्या संघाने आपल्यात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेण्यास १९५९ साल उजाडले. दार उघडले गेले खरे, पण आत येणाऱ्यांना एकेकट्याने, मागचे घर मोडून यावे लागले.

उन्हाळ्यातील एक प्रार्थना

रॉबिन्सनच्या पाठोपाठ १९४८ साली रॉय कॅम्पनेला आला. वडील इटालियन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. अंगाने आडवा आणि स्वभावाने आनंदी. कॅचर म्हणून त्याने १९५१, १९५३ आणि १९५५ असा तीनदा लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला. ड्यूक स्नायडर, कार्ल फुरिलो, न्यूकोम असे मातब्बर त्याच्या जोडीला होते. परंतु ब्रुकलिनच्या कॅथलिक घरांत ज्याचे नाव विशेष मायेने घेतले जाई, तो गिल हॉजेस.

हॉजेस हा इंडियाना राज्यातील एका खाणकामगाराचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात तो ओकिनावाच्या लढाईत लढला होता. धिप्पाड देहाचा हा माणूस कधी आवाज चढवीत नसे. त्याने ब्रुकलिनच्या मुलीशी लग्न केले आणि तो तेथेच स्थायिक झाला. शेजारीपाजारी त्याला आपलाच मानीत. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला एकवीस प्रयत्नांत एकदाही चेंडू नीट टोलवता आला नाही आणि पुढच्या वर्षीही त्याचा सूर हरपलेलाच राहिला. अशा वेळी गावे खेळाडूला शिव्या देतात. ब्रुकलिनने त्याला पत्रे पाठविली, रोझरीच्या माळा पाठविल्या. १९५३ च्या मे महिन्यातील एका रविवारी फादर हर्बर्ट रेडमंड यांनी मिस्साच्या वेळी भाविकांना सांगितले की, आज प्रवचन करण्याजोगी हवा नाही. घरी जा, आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी एक प्रार्थना करा. प्रवचनकारांना हेवा वाटावा असे हे प्रवचन आहे. त्या वर्षी हॉजेसचा खेळ सावरला हे खरे. पण त्याहून आम्हांला मोलाचे वाटते ते हे की, अपयशी माणसाला धर्मग्रामाने आपल्या प्रार्थनेत जागा दिली.

१९५५ साली पुन्हा यांकीज, आणि पुन्हा सातवा सामना. ४ ऑक्टोबरच्या त्या दुपारी जॉनी पॉड्रेस या तेवीस वर्षांच्या पिचरने यांकीजना एकही धाव काढू दिली नाही. ब्रुकलिनच्या दोन्ही धावा हॉजेसच्या फटक्यांवर आल्या. सहाव्या डावात योगी बेरा याचा उंच उडालेला चेंडू कुंपणाजवळ पडणार, तोच सँडी अमोरोस या क्युबन खेळाडूने धावत जाऊन तो झेलला. त्याने तो रीसकडे आणि रीसने हॉजेसकडे फेकला आणि एकाऐवजी दोघे बाद झाले. सामना २-० असा जिंकून ब्रुकलिन प्रथमच जगज्जेते झाले. त्या रात्री लोक रस्त्यांवर नाचले. ‘पुढचे वर्ष’ अखेर आले होते. ब्रुकलिनच्या वाट्याला आलेले ते एकमेव विजेतेपद ठरले.

पाठ फिरली

१९५० साली वॉल्टर ओमॅली या वकिलाने रिकीचा हिस्सा विकत घेऊन संघाचा कारभार हाती घेतला. एबेट्स फील्ड जुने झाले होते. प्रेक्षक आता उपनगरांत राहावयास गेले होते, ते मोटारीने येत आणि मैदानापाशी जेमतेम सातशे मोटारींची सोय होती. बोस्टनचा संघ १९५३ साली मिलवॉकीला हलला आणि पुढच्याच वर्षी तेथे वीस लाखांहून अधिक तिकिटे विकली गेली. ब्रुकलिनचा आकडा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. ओमॅलीने ब्रुकलिनमध्येच, रेल्वे स्थानकाजवळ, स्वखर्चाने नवे मैदान बांधण्याची तयारी दाखविली. मात्र त्यासाठी लागणारी जमीन नगराच्या अधिकाराने संपादन करून मिळावी अशी त्याची मागणी होती. न्यू यॉर्कच्या बांधकामांवर एकहाती सत्ता गाजविणारा रॉबर्ट मोझेस याने ती नाकारली आणि क्वीन्स भागातील जागा पुढे केली. आम्ही ब्रुकलिनचे, क्वीन्सला कसे जाणार, असे ओमॅलीचे म्हणणे. ज्याला काही मैलांवरचे क्वीन्स दूर वाटले, तो अखेर तीन हजार मैलांवर गेला.

दोष कोणाचा, यावर ब्रुकलिनमध्ये वाद झडत राहिले. दोघांच्याही बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु या वाटाघाटींत एक पक्ष कोठेच नव्हता. ज्यांनी चौऱ्याहत्तर वर्षे तिकिटे काढली, हरलेल्यांना घरी नेऊन जेवू घातले, ज्यांच्या जिव्हाळ्यावर या संघाचे नाव मोठे झाले, त्यांना कोणी काही विचारले नाही. कायद्याने त्यांचा संघावर कसलाच हक्क नव्हता.

२४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. त्यास अवघे ६,७०२ प्रेक्षक हजर होते. ८ ऑक्टोबरला स्थलांतराची घोषणा झाली. रॉबिन्सन त्यापूर्वीच निवृत्त झाला होता. १९५६ च्या अखेरीस त्याला प्रतिस्पर्धी जायंट्स संघाला विकले गेले, तेव्हा त्याने खेळणेच सोडले. १९६० च्या फेब्रुवारीत मैदान पाडण्यास आरंभ झाला. त्यासाठी आणलेल्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा पांढरा रंग देऊन त्यावर टाके काढले होते. आज तेथे उंच चाळवजा इमारती आहेत.

मे महिन्यातील दोन दिवस

लॉस एंजेलिसने डॉजर्सना जी तीनशे एकरांच्या आसपास जमीन देऊ केली, ती चावेझ रवीन या नावाने ओळखली जाई. शहराच्या मध्याजवळच्या या टेकड्यांवर पालो व्हर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वाड्या होत्या. बहुतेक रहिवासी मेक्सिकन वंशाचे. शहरात इतरत्र त्यांना सहज घर मिळत नसे. त्यांनी स्वतःच्या हातांनी घरे बांधली, परसात भाजी लावली, कोंबड्या-शेळ्या पाळल्या. तेथे त्यांची शाळा होती आणि बाळ येशूच्या नावाचे चर्च होते. १९५० च्या जुलैमध्ये त्यांना सरकारी पत्रे आली. येथे गरिबांसाठी मोठी गृहयोजना होणार, घरे रिकामी करावीत, नव्या घरांत तुम्हांला प्रथम हक्क राहील, असा त्यांचा आशय होता. सुमारे हजार कुटुंबांपैकी बहुतेकांनी मिळेल ती किंमत घेऊन घरे सोडली. त्यानंतर राजकारणाचे वारे फिरले. सरकारी घरे म्हणजे साम्यवाद असा ओरडा झाला आणि १९५३ साली निवडून आलेल्या महापौरांच्या काळात योजनाच रद्द झाली. वचन दिलेले एकही घर बांधले गेले नाही. मोकळी झालेली जमीन मात्र नगराच्या हाती राहिली आणि पुढे ती डॉजर्सना देण्याचे ठरले. १९५८ च्या जूनमधील सार्वमतात तो करार थोड्या मताधिक्याने संमत झाला.

येथे आम्ही वाचकांचे लक्ष लागोपाठच्या दोन तारखांकडे वेधू इच्छितो.

रॉय कॅम्पनेला लॉस एंजेलिसला कधीच खेळू शकला नाही. जानेवारी १९५८ मध्ये बर्फाळ रस्त्यावर त्याची मोटार घसरली, मानेचा मणका मोडला आणि तो कायमचा चाकाच्या खुर्चीस खिळला. ७ मे १९५९ रोजी त्याच्या मदतीसाठी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात एक खास सामना झाला. ९३,१०३ प्रेक्षक आले. पी वी रीसने त्याची खुर्ची ढकलीत मैदानात आणली. मग दिवे मालवण्यात आले आणि लोकांनी काड्या पेटवून धरल्या. अंधारात हजारो ज्योती आणि मध्ये तो एक माणूस. ज्या कृष्णवर्णीयाला बारा-तेरा वर्षांपूर्वी या खेळात प्रवेश नव्हता, त्याच्यासाठी एक संपूर्ण शहर स्तब्ध उभे होते.

दुसऱ्या दिवशी, ८ मे १९५९ रोजी, चावेझ रवीनमधील शेवटच्या घरांपैकी आरेचिगा कुटुंबाच्या घरी पोलीस आले. ते कुटुंब अनेक वर्षे घर सोडण्यास नकार देत होते. दार फोडण्यात आले. घरातील एका स्त्रीला चार पोलिसांनी हातापायांना धरून पायऱ्यांवरून खाली उचलून आणले. दूरचित्रवाणीचे कॅमेरे समोर होते. काही मिनिटांत बुलडोझरने घर सपाट केले. म्हाताऱ्या आईवडिलांसह कुटुंबाने तेथेच तंबू ठोकून काही दिवस काढले. पुढे त्यांच्या मालकीची इतरत्र घरे असल्याचे वृत्तपत्रांनी छापले आणि लोकांची सहानुभूती ओसरली.

एकच शहर, चोवीस तासांचे अंतर. पहिल्या रात्री काडी पेटवून धरणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसऱ्या रात्री ती दृश्ये पाहिली असतील! माणसांना दुर्दैव पाहून कळवळा येतो. अन्याय मात्र कागदोपत्री नीट असला की तो दिसेनासा होतो. डॉजर्सने त्या कुटुंबांना उठविले नव्हते, ते नगराने केले. मैदानही ओमॅलीने स्वतःच्या पैशाने बांधले. हे सारे खरे आहे. तरीही १० एप्रिल १९६२ रोजी उघडलेले ते देखणे मैदान ज्यांच्या जागेवर उभे होते, त्यांचे नाव तेथे कोठे नव्हते.

ज्यू पिचर आणि मेक्सिकन मुलगा

नव्या शहरात यश लवकर आले. १९५९, १९६३ आणि १९६५ अशी तीन विजेतेपदे सात वर्षांत मिळाली. या काळाचा नायक ब्रुकलिनमध्येच जन्मलेला सँडी कोफॅक्स. पहिली सहा वर्षे त्याचा वेग अफाट होता, पण नेम नव्हता. पुढील सहा वर्षांत मात्र त्याच्यासारखा डावखुरा पिचर दुसरा नव्हता. ९ सप्टेंबर १९६५ रोजी त्याने शिकागोच्या सत्तावीस फलंदाजांपैकी एकालाही पहिले ठाणे गाठू दिले नाही. त्यानंतर महिनाभरात वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या पवित्र दिवशी आला. कोफॅक्स खेळला नाही. त्याने त्याचा गाजावाजाही केला नाही. डॉजर्स तो सामना हरले. परंतु पाचवा आणि सातवा सामना त्याने जिंकून दिला, सातवा तर केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर. ‘रविवारी मिस्सा की स्पर्धा’ हा पेच ज्या घरांत उभा राहतो, तेथील मुलांना ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. कोपराच्या संधिवातामुळे १९६६ च्या हंगामानंतर तो अवघ्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला.

मेक्सिकन वंशाची अनेक कुटुंबे मात्र त्या मैदानाकडे फिरकत नव्हती. १९८१ साली फर्नांडो वालेन्झुएला आला. मेक्सिकोतील सोनोरा प्रांताच्या एका खेड्यातील गरीब शेतकऱ्याच्या बारा मुलांतील हे शेंडेफळ. वय वीस, अंग गुबगुबीत, इंग्रजी येत नाही. चेंडू फेकण्यापूर्वी डोळे आकाशाकडे लावण्याची त्याची लकब. पहिले आठही सामने त्याने जिंकले, त्यांतील पाचांत प्रतिपक्षाला एकही धाव मिळाली नाही. त्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित आणि लीगचा सर्वोत्तम पिचर असे दोन्ही ठरला. असा दुहेरी मान तोवर कोणालाही मिळाला नव्हता. डॉजर्सने यांकीजना हरवून विजेतेपद मिळविले. स्पॅनिश बोलणारी माणसे आपल्या मुलानातवंडांना घेऊन त्या टेकडीवर परत येऊ लागली. झालेला अन्याय त्यामुळे पुसला गेला असे म्हणता येणार नाही. मात्र ज्यांना तेथून काढले होते, त्यांच्याच रक्तामांसाच्या एका मुलाचा जयघोष त्या जागी होऊ लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वालेन्झुएलाचे निधन झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉजर्सने पुन्हा यांकीजना हरविले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने चावेझ रवीनमधील विस्थापितांना भरपाई देण्याचा विचार करणारे विधेयक मंजूर केले होते. राज्यपालांनी त्यास संमती दिली नाही.

संघ कोणाचा?

आज डॉजर्स हा जगातील अत्यंत धनाढ्य संघांपैकी एक आहे. शोहेई ओतानी या जपानी खेळाडूशी त्याने दहा वर्षांसाठी सत्तर कोटी डॉलरांचा करार केला. २०२४ च्या पाठोपाठ २०२५ सालीही वर्ल्ड सिरीज जिंकून त्याने आपले सामर्थ्य सिद्ध केले आहे. १९९७ साली रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक सर्व संघांत कायमचा राखून ठेवण्यात आला. दरवर्षी १५ एप्रिलला सर्व खेळाडू तोच क्रमांक अंगावर घालून खेळतात. दार उघडल्याची आठवण अशी साजरी होते. दार लोटल्याची आठवण साजरी करण्याची रीत अद्याप कोठेच नाही. संस्था कोणतीही असो, आपल्या इतिहासातील हवी ती पाने वाचण्याकडे तिचा कल असतो. आपण कोणासाठी उभे राहिलो हे ती पुतळ्यांवर कोरते. आपल्यासाठी कोणाला हलावे लागले याची नोंद बहुधा हललेल्यांच्याच घरांत सापडते. आम्हांला वाटते, संस्थेच्या मोठेपणाची खरी कसोटी ही दुसरी नोंद वाचण्याच्या तयारीत आहे.

ब्रुकलिनने आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. गिल हॉजेस संघाबरोबर लॉस एंजेलिसला गेला, पण त्याने घर ब्रुकलिनमध्येच ठेवले आणि तो परतला. १९६९ साली न्यू यॉर्क मेट्स या तोवर हास्यास्पद मानल्या गेलेल्या संघाला त्याने प्रशिक्षक म्हणून जगज्जेतेपद मिळवून दिले. २ एप्रिल १९७२ रोजी, ऐन ईस्टरच्या रविवारी, हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याला अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस कमी होते. ब्रुकलिनमधील त्याच्याच धर्मग्रामाच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. आजारी असलेला रॉबिन्सन त्यास हजर होता आणि त्याच ऑक्टोबरात तोही गेला. हॉजेसचा बेसबॉलच्या सन्मानमंडळात समावेश व्हायला पन्नास वर्षे लागली. तो मान २०२२ साली मिळाला. ब्रुकलिनकर इतके थांबले नव्हते. गावच्या दक्षिण टोकाच्या पुलाला त्यांनी १९७८ सालीच त्याचे नाव दिले. होली क्रॉस दफनभूमीत तो विसावला आहे. संघ तीन हजार मैल दूर गेला, मैदान पाडले गेले, तरी ज्याच्यासाठी एका उन्हाळ्यात साऱ्या गावाने प्रार्थना केली होती, तो माणूस त्या गावातच राहिला.